काळ्या मातीच्या अंगणात टर्फ टाकलं, तरी पाणी तुंबतंच

लक्षणं साधारण अशी असतात. पाऊस झाला की टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या गालिच्यावर, चालताना पायाखाली पचपच वाजतं. पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी ते थांबत नाही. तिसऱ्या दिवशी कुजलेल्या पाल्याचा वास सुटतो. उन्हाळ्यात कडेचे खिळे वर येतात, मधेच एखादी जागा बसते, आणि पुढच्या पावसाळ्यात नेमकं तिथेच डबकं होतं. दुकानदाराला फोन केला की तो म्हणतो, "टर्फला भोकं असतात, पाणी खाली जातं." भोकं असतात, आणि पाणी खालीही जातं. खाली गेल्यावर त्याचं पुढे काय होतं, हे मला तीन पावसाळे वाया गेल्यावर कळलं.

मी वर्ध्याचा. घरामागे २० बाय ३० फुटांचं अंगण, एका कोपऱ्यात जुना कडुनिंब, आणि खाली अस्सल कपाशीची काळी माती. पावसाळ्यात आईला तुळशीपर्यंत जायचं तर चपलेला शेर-दोन शेर गारा चिकटायचा. टर्फ टाकलं की चिखल संपेल, असा साधा हिशेब होता. चिखल दिसायचा बंद झाला, पण पाणी होतं तिथेच राहिलं.

पहिल्या पावसावर विश्वास ठेवू नका

आपली काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण पानांच्या चवडीसारखे असतात. पाणी त्या पानांच्या मधे शिरतं आणि चवड फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

फसगत इथेच होते. मृगाचा पहिला सपाटा येतो, सगळं पाणी भेगांतून घटाघट खाली जातं, आणि आपण खूश होतो की आपल्या अंगणाचा निचरा झकास आहे. आठ-दहा दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि जमिनीवर झाकण बसल्यासारखं होतं. त्यानंतर पडलेलं पाणी खाली जातच नाही म्हटलं तरी चालेल. माझ्या पहिल्या ठेकेदाराने मे महिन्यात बादलीभर पाणी ओतून दाखवलं होतं. दोन मिनिटांत गायब. मी लगेच आगाऊ रक्कम दिली.

खरी चाचणी करायची तर एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल खड्डा घ्या. तो पाण्याने भरून रात्रभर राहू द्या, म्हणजे माती जेवढी फुगायची तेवढी फुगेल. सकाळी परत काठोकाठ भरा, काठी उभी करून खूण करा आणि मग मोजा. माझ्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाणी बोटाच्या एका पेराएवढं उतरलं होतं, आणि त्यातलंही थोडं उन्हाने नेलं असणार. अशा मातीला "पाणी जिरव" म्हणण्यात अर्थ नाही. तिच्यावरून पाणी वाहून नेणं एवढंच आपल्या हातात असतं.

आधी कोपरा उचला

टर्फ पुन्हा बदलण्याआधी पाणी नेमकं कुठे अडलंय ते बघा. भर पावसाळ्यात, डबकं असताना बघा. कडेचे चार-पाच खिळे काढून टर्फ हातभर गुंडाळा.

वर पाणी आणि खाली गिट्टी कोरडी, असं दिसलं तर दोष टर्फमध्येच आहे आणि तुम्ही नशीबवान आहात. टर्फच्या पाठीला साधारण दर चार इंचावर एक बारीक भोक असतं. ती भोकं धुळीने, कडुनिंबाच्या मोहराने किंवा वर टाकलेल्या रेतीतल्या मातीने बुजतात. जोडाच्या ठिकाणी गोंद फासताना कारागीर भोकं सरळ बंद करून टाकतात, हेही सर्रास दिसतं. टर्फ उलटं करून पाठ ब्रशने धुवा. भोकं मुळातच कमी असतील तर सोल्डरिंगच्या गरम टोकाने नवी पाडता येतात. हे मोकळ्या हवेत करा, धूर वाईट असतो.

खाली भरलेला थरच पाण्याने तुडुंब असेल, तर पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. काळ्या मातीत दहापैकी नऊ वेळा हेच निघेल असा माझा अंदाज आहे. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

आणि गिट्टीच दिसत नसेल, बोट घातलं तर काळा गारा हाताला येत असेल, तर माती वर आली आहे आणि गिट्टी खाली गेली आहे. मग सगळं उकरण्यावाचून इलाज नाही. माझ्याकडे एका कोपऱ्यात तेच झालं होतं.

माझ्या तीन चुका

पहिली चूक रेतीची. मातीत रेती मिसळली की निचरा वाढतो, असं कुणीतरी सांगितलं. दोन ट्रॉली रेती टाकली, टिकासने उकरून मिसळली, वर टर्फ. चिकणमातीत थोडीबहुत रेती मिसळली तर तिचे कण मातीत बुडून राहतात, पाण्याला मोकळी पोकळी काही मिळत नाही. फरक पडायला रेती मातीपेक्षाही जास्त लागते, म्हणजे मातीच बदलायची. मी कुंभाराच्या भट्टीजवळ असतो तर त्या गाऱ्याच्या उत्तम विटा झाल्या असत्या.

दुसऱ्या वर्षी ठेकेदाराने सहा इंच खणलं, मुरूम भरला, वर क्रशरची डस्ट (दगडाची भुकटी) पसरून कॉम्पॅक्टर फिरवला. दिसायला फरशीसारखं सपाट. ते फरशीसारखंच वागलंही. मुरमात माती असते, डस्टमध्ये पीठ असतं. ओलं करून दाबलं की दोन्ही घट्ट बसतात. रस्त्याखाली हे गुण हवेच असतात, पण टर्फखाली नकोत. पाणी टर्फच्या भोकांतून खाली उतरायचं आणि डस्टवर थांबायचं.

तिसऱ्या वर्षी मी शहाणा झालो, म्हणजे मला तसं वाटलं. मुरूम काढून टाकला, खड्डा पुरता सपाट केला, २० मिमीची धुतलेली गिट्टी चार इंच भरली. कडेने दिसायला छान म्हणून विटांची कड सिमेंटमध्ये बांधली. पहिल्या महिन्यात पाण्याचा टिपूस दिसला नाही. आषाढात एका रात्री झड लागली आणि सकाळी टर्फ चक्क तरंगत होतं, मधे फुगून आलेलं.

त्या दिवशी शेजारच्या बांधकामावरचे मिस्त्री सहज डोकावले. त्यांनी कडेच्या विटांकडे बघितलं, पायाने टर्फ दाबलं आणि म्हणाले, "भाऊ, हा तं हौद बांधला तुमी. आता पाणी जाईन कुठी?"

हौदच होता तो. खाली आणि चारी बाजूंनी न झिरपणारी माती, त्यावर सिमेंटची कड, आत गिट्टी. गिट्टीत साधारण ३५ ते ४० टक्के पोकळी असते. म्हणजे माझ्या ६०० चौरस फुटांत चार इंच गिट्टी सुमारे २,१०० लिटर पाणी धरते. आता पावसाचा हिशेब करा. ६०० चौरस फुटांवर ४० मिमी पाऊस म्हणजे जवळपास २,२३० लिटर. एका दणक्यात हौद काठोकाठ.

ही आकडेमोड करताना मला आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती दिसल्यावर मी स्वतःवरच चिडलो. स्लॅबचं पाणी! ९०० चौरस फुटांच्या स्लॅबचा पाईप थेट अंगणात सोडलेला. तेवढ्याच ४० मिमी पावसात तिथून ३,३०० लिटरच्या वर पाणी येत होतं. अंगणावर पडणाऱ्या पावसापेक्षा दीडपट पाणी मीच अंगणात ओतत होतो आणि तीन वर्षं टर्फला शिव्या देत होतो.

मग काय केलं

सुरुवात टर्फपासून नाही, स्लॅबपासून केली. आमच्या गल्लीत रस्त्यावर दर काही वर्षांनी सिमेंटचा नवा थर चढतो, त्यामुळे अंगण आता रस्त्यापेक्षा वीतभर खाली आहे. अंगणातलं पाणी नालीत आपोआप जाणं अशक्य. स्लॅबचं पाणी मात्र उंचावरून येतं. तो पाईप जमिनीपर्यंत न आणता कंबरेच्या उंचीवर वळवला, भिंतीला क्लॅम्पने बांधत उतार देत पुढे नेला आणि नालीत सोडला. अर्ध्या दिवसाचं काम. अंगणात येणारं ६० टक्के पाणी तिथेच कमी झालं. तुमचा त्रास मध्यम असेल तर एवढं करून एक पावसाळा थांबा. कदाचित बाकी काही करावंच लागणार नाही.

मग टर्फ गुंडाळून ठेवलं, गिट्टी काढून ढीग लावला, विटांची कड फोडली. मातीचं काम वाफशावर, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी असताना, केलं. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण शहरात कारागीर ओल्या गाऱ्यातच फावडं चालवतात. ओली काळी माती तुडवली की तिचा लोण्यासारखा गोळा होतो आणि वाळल्यावर तिथेच फुटते. फार कोरडी असेल तर सब्बल आपटूनही ढेकूळ निघत नाही. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की मोकळा व्हावा, तेव्हा हात घाला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालच्या मातीलाच उतार दिला. वर गिट्टी कमीजास्त टाकून उतार काढायचा नाही. गिट्टीतून खाली आलेलं पाणी मातीच्या पाठीवरूनच वाहणार आहे, त्यामुळे उतार तिथेच हवा. घराच्या जोत्यापासून लांब, १०० फुटांना एक फूट या हिशेबाने. माझ्या ३० फुटांत साडेतीन इंचाच्या आसपास. मिस्त्रींनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना खुणा केल्या, सूत बांधलं आणि त्या सुताखाली माती तासली. डोळ्यांनी उतार दिसत नव्हता. बादलीभर पाणी ओतलं तेव्हा दिसला. जोत्याकडून निघालेला एक ओघळ सावकाश, न थांबता, कुंपणाकडे गेला. आम्ही दोघं तो शेवटपर्यंत जाईस्तोवर उभे राहून बघत होतो.

जोत्याला लागून तीन फुटांच्या पट्ट्यात जाड प्लास्टिक अंथरलं, बाहेरच्या बाजूला उतरतं. काळ्या मातीत पायाजवळ कधी पाणी तर कधी दुष्काळ असं होऊ देणं घराला परवडत नाही. माती फुगते-आकसते तशा भिंती तडकतात. या मातीसाठी खालून फुगीर बुडाचे खास पाईल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) वापरतात आणि ते रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केले, यावरूनच तिचा स्वभाव कळावा. प्लास्टिक एवढ्याच पट्ट्यात. सगळ्या अंगणात सपाट अंथरलं तर परत हौद.

मातीवर न विणलेलं जिओ-टेक्स्टाईल कापड, २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं), जोडाला फूटभर एकावर एक. हे कापड पाणी जाऊ देतं आणि माती अडवतं. ते नसेल तर प्रत्येक पावसाळ्यात गिट्टी थोडी थोडी मातीत रुतते. माझा तो गाऱ्याचा कोपरा याच कारणाने बिघडला होता. पैसे वाचवायला सिमेंटची रिकामी पोती अंथरणारे पाहिलेत मी. दोन वर्षांत त्यांच्या चिंध्या होतात.

कुंपणाकडच्या सगळ्यात खालच्या बाजूला आडवा चर घेतला, फूटभर रुंद, फूटभर खोल. त्यात ११० मिमीचा भोकं पाडलेला पाईप, भोकं खालच्या अंगाला, त्यालाही उतार. भोवती गिट्टी, आणि सगळं कापडात गुंडाळलेलं. वर अंगणभर तीच २० मिमीची गिट्टी चार इंच, पाण्याने धुऊन, आणि तिच्यावर एक इंच बारीक गिट्टी. डस्ट अजिबात नाही. कारागीर डस्टसाठी हट्ट धरतील, कारण डस्टवर टर्फ पटकन सपाट बसतं. ऐकू नका. बारीक गिट्टी धुमसने हलकी ठोकली तरी बसते.

कडेला आता वीट आहे, पण खालच्या बाजूने दर दोन फुटांवर एक फट सोडली आहे. टर्फ खिळ्यांनी मातीत ठोकलं नाही. उन्हाळ्यात माती आकसली की खिळा मोकळा होतोच. कडेला गिट्टीत लाकडी पट्टी पुरली आणि टर्फ तिला ठोकलं.

पाईपचं दुसरं टोक

एवढं करून पाईप सोडायचा कुठे, हा प्रश्न राहतोच. अंगण रस्त्यापेक्षा उंच असेल तर नालीत सोडा आणि तोंडाला जाळी लावा. इथेच वाचन थांबवलं तरी चालेल.

माझ्यासारखं अंगण खाली असेल तर शोषखड्डा सुचवला जातो. काळ्या मातीत तीन-चार फुटांचा शोषखड्डा म्हणजे आणखी एक हौद. पण बऱ्याच ठिकाणी काळ्या मातीचा थर संपला की खाली मुरूम लागतो, आणि हा न दाबलेला, मूळचा मुरूम पाणी घेतो. माती किती खोल आहे हे जवळपास विहीर किंवा बोअर केलेल्या माणसाला विचारा, त्याला आठवत असतं. माझ्याकडे साडेसहा फुटांवर मुरूम लागला. घरापासून १८ फुटांवर खड्डा घेतला, नऊ फूट खोल, म्हणजे अडीच फूट मुरमात. आत तीन फुटी सिमेंटच्या रिंगा उतरवल्या, खालच्या रिंगांना भोकं. पूर्ण भरला तर सुमारे १,८०० लिटर पाणी मावतं.

हे काम उन्हाळ्यात करा, आणि माणूस खाली उतरण्याआधी रिंगा सोडत जा. काळ्या मातीची कड ओलाव्याने केव्हा ढासळेल याचा नेम नसतो. वर लोखंडी झाकण आणि मच्छरदाणीची जाळी हवीच.

एक अडचण मला आधी कुणी सांगितली नव्हती. पोळ्याच्या सुमारास विहिरी भरलेल्या असतात, म्हणजे मुरूमही भरलेला असतो. त्या दिवसांत खड्डा पाणी घेत नाही, उलट कधी कधी खालून भरतो. म्हणून रिंगेत अर्ध्या एचपीचा छोटा पंप टाकलाय, फ्लोटवर चालणारा. पाणी ठरलेल्या उंचीवर आलं की तो नालीत फेकतो. पावसाळ्यातून पाच-सहा वेळाच लागतो. नेमका जोराचा पाऊस आला की लाइट जाते, हे खरं आहे. पण स्लॅबचं पाणी बाहेर काढल्यामुळे गिट्टी आणि खड्डा मिळून तास-दोन तास सांभाळून घेतात.

जाताना

जिप्सम टाका असंही बरेच जण सांगतात. ते चोपण जमिनीत काम करतं, जिथे मातीत सोडियम जास्त असतो. साध्या काळ्या मातीत पैसे घालण्याआधी माती तपासून घ्या. चुन्याने मात्र काळ्या मातीचं फुगणं खरंच कमी होतं, रस्त्याच्या कामात तो वापरतात. पण तो मातीत नीट मिसळून दाबावा लागतो. वरून भुरभुरून काही होत नाही.

निचरा एवढा नीट केल्यावर तिथे खरी दूर्वाही जगली असती. मी टर्फ ठेवलं ते कडुनिंबाच्या सावलीत गवत धरत नाही म्हणून, आणि आधीच विकत घेतलेलं होतं म्हणून. वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. पाणी मारलं तरी दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा तापतं. आई सकाळी सातच्या आत फेऱ्या मारून घेते.

या नव्या रचनेचे दोन पावसाळे झाले. पचपच बंद आहे, वासही नाही. कडुनिंबाकडचा कोपरा मात्र दर उन्हाळ्यात अर्धा इंच बसतो, कारण झाड मुळांनी तिथली माती जास्त कोरडी करतं. मृगाच्या आधी मी तिथलं टर्फ उचलतो, दोन घमेली बारीक गिट्टी टाकतो आणि पट्टीला परत ठोकतो. त्याच दिवशी रिंगेचं झाकण उघडून तळाचा गाळ काढतो आणि पंपाचा फ्लोट हाताने उचलून बघतो. गेल्या वर्षी फ्लोटवर एक बेडूक बसलेला होता.